शनिवारची जुळणी

बदनापूरला स्टेशनच्या मागच्या अंगाला एका संस्थेनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत गावोगावच्या दायांचं प्रशिक्षण चालायचं, मागच्या खोलीत आम्ही दोघं बसायचो, सर आणि मी. आमची टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली होती, त्यामुळं काम करताना आमच्या पाठी एकमेकांकडे असायच्या. नव्यानं बघणाऱ्याला वाटायचं, या दोघांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. एका दाईनं तर मला हळूच विचारलंही होतं, "बाई, म्हाताऱ्याशी बोलत न्हाई का तुम्ही?"

बोलायचो की, भरपूर बोलायचो. फक्त हातातल्या कामाबद्दल बोलायचं नाही असा नियम होता, आणि त्या एका नियमावर आमचं सगळं काम उभं होतं.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या आईला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती आमच्या गावी, आष्टीत, सगळ्यांना सांगायची, माझी पोरगी चिठ्ठ्या वाचायच्या नोकरीला आहे. तसं ते खोटंही नव्हतं. खेड्यातल्या दायांना नीट शिकवलं तर बाळंतपणात दगावणारी बाळं वाचतात का, एवढाच प्रश्न होता. त्यावर देशोदेशी लोकांनी अभ्यास करून ठेवले होते. काही चांगले, काही असेतसेच, आणि कितीतरी भलत्याच विषयावरचे, नुसता एखादा शब्द सारखा म्हणून ओढून आणलेले. ते सगळे चाळून, कामाचे तेवढे वेगळे काढून, त्यांतून उत्तर शोधायचं होतं. संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातली मंडळी त्या अभ्यासांचे थोडक्यातले गोषवारे छापून गठ्ठ्यांनी पाठवायची. आम्ही ते कापून पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवायचो आणि त्यांवर नंबर टाकायचो. ह्या झाल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठी सरांनीही वाचायची आणि मीही, आणि आपापल्या यादीत त्या नंबरापुढं लिहायचं, 'घ्या' किंवा 'सोडा'. एकानं काय लिहिलंय ते दुसऱ्याला शनिवारपर्यंत कळता कामा नये. शनिवारी जालन्याहून डॉक्टर मॅडम यायच्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवून नंबर वाचायचे. जिथं जुळलं नाही तिथं दोघांनी आपापली बाजू मांडायची आणि मॅडमनी निकाल द्यायचा.

"एवढी भानगड कशाला? तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही म्हणाल ते बरोबरच असणार," असं मी पहिल्या आठवड्यात सरांना म्हटलं होतं. कौतुकानंच म्हटलं होतं. सर खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले.

"आमच्या मळ्यात मोसंबी निवडायला मी दोन बाया बसवतो," ते म्हणाले. "एकच बसवली तर दुपारून तिला सगळीच फळं चांगली दिसाया लागतात. तिची चूक नसते त्यात, डोळा थकतो. मंग दुसरीनं सांगायचं असतं, बाई, हे नासकं हाय. तुला मी त्याच्यासाठी घेतलंय. माझ्या हो ला हो करायला न्हाई."

सर मूळचे वडीगोद्रीकडचे. उभी नोकरी खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत झालेली, निवृत्तीनंतर जालन्यात घर आणि गावाकडं मोसंबीचा मळा. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा. मी तिशीच्या आसपासची, ग्रंथालयाचा कोर्स केलेली, आणि आधीच्या नोकरीत साहेबाच्या टेबलावर फाईल आपटून बाहेर पडलेली. मुलाखतीत ते सांगायची गरज नव्हती, पण माझा राग कायम नाकावर, मी सांगून टाकलं. सर हसून मॅडमना म्हणाले, "मला अशीच पाहिजे होती." मॅडमना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

जालन्याहून सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं बरोबरच यायचो. सर खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवायचे आणि पिशवीतली मोसंबी सोलून अर्धी मला द्यायचे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डब्यात माझ्यासाठी दोन पोळ्या जास्तीच्या घातलेल्या असायच्या. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. त्यामुळं त्या पोळ्यांचं मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगत नसे.

शनिवारी मात्र आम्ही कडाकडा भांडायचो. एका अभ्यासात दायांना साबण, दोरा आणि नवं ब्लेड एवढं सामान वाटलं होतं, शिकवलं काहीच नव्हतं. सरांनी लिहिलं 'घ्या', मी लिहिलं 'सोडा'. "सामान दिलं म्हणजे शिकवलं का?" मी म्हणाले. सर म्हणाले, हातात सामान आलं की माणूस आपोआप शिकतो. मी म्हणाले, मग माझ्या हातात स्टेथोस्कोप द्या, मीही डॉक्टर होते. तासभर हे चाललं. शेवटी मॅडमनी पट्टी टेबलावर आपटली आणि माझ्या बाजूनं निकाल दिला. परतीच्या गाडीत मोसंबी सोलता सोलता सर म्हणाले, "जिंकलीस. पण पुढच्या टायमाला इतकं वरडू नको. पुढच्या खोलीतल्या दाया घाबरून गेल्त्या."

एकदा त्याच गाडीत ते म्हणाले होते, "रिटायर झालो तवापासून लोक मला नमस्कार लई करून राह्यलेत, पण विचारत कोणीच काही न्हाई. इथं तू मला आठवड्यात दहा वेळा विचारतीस, हे असं का लिहिलं म्हणून. बरं वाटतं." हे वाक्य मी ऐकलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला कितीदा तरी वाटलंय.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सरांच्या यादीत काहीबाही दिसायला लागलं. एक चिठ्ठी गाभण गाईंवरची होती, चुकून गठ्ठ्यात आलेली, आणि सरांनी पुढं लिहिलं होतं 'घ्या'. मॅडम आणि मी पोट धरून हसलो. सरही हसले, पण आधी आमच्या तोंडाकडं बघून मग हसले. पुढच्या शनिवारी एक अगदी हवा तसा अभ्यास त्यांनी सोडला होता. मी बाह्या सरसावून भांडायला बसले, तर ते म्हणाले, "ठीक हाय, तू म्हणतीस तर घेऊ." सरांनी न भांडता माघार घेतली याचाच मला राग आला. एकदा गाडीत त्यांनी मोसंबी सोलली, फोडी खिडकीबाहेर टाकल्या आणि साली हातात धरून बसले. मग त्यांनीच ते पाहिलं. "हे बघ काय केलं," म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

न जुळणाऱ्या चिठ्ठ्या वाढत चालल्या. एका शनिवारी सर पुढं स्टेशनवर गेल्यावर मॅडमनी मला थांबवलं.

"पुण्याहून विचारणा आलीय," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघांचं इतकं कमी जुळायला लागलं तर ते सगळ्याच कामावर शंका घेतील. अजून दोन-तीन आठवडे बघू. नाहीतर सरांच्या जागी दुसरं कोणीतरी बसवावं लागेल. वय झालंय त्यांचं."

"वय झालंय म्हणजे काय?" मी म्हणाले. "त्यांनी जेवढी बाळंतपणं केली तेवढी तुम्ही पाहिली तरी आहेत का?"

मॅडम चिडल्या नाहीत. "मलाही वाईटच वाटतंय," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी सर नेहमीप्रमाणं स्टेशनवर चहा प्यायला गेले. त्यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप नव्हतं. कुलूप लावायचं तर मग नियम कशाला, असं ते म्हणायचे. मी खण उघडला आणि त्यांची यादी बाहेर काढली. मनात अपराधाचा लवलेश नव्हता, हे खरं सांगते. मला उलट आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं. त्यांच्या यादीला मी हात लावला नाही. त्यांचं अक्षर मला काढता आलं नसतं. मी माझी यादी नव्यानं लिहिली. जिथं त्यांनी 'सोडा' लिहिलं तिथं मीही 'सोडा', जिथं 'घ्या' तिथं 'घ्या'. संशय नको म्हणून पाच-सहा तेवढे वेगळे ठेवले, आणि तेही असे, की दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

कामाची मी पक्की काळजी घेतली होती. जे चांगले अभ्यास असे सुटले त्यांचे नंबर मी घरी एका वहीत लिहून ठेवत होते. पुढं निवडलेल्या अभ्यासांच्या मागच्या संदर्भयाद्या तपासायच्या असतात, त्यात हे सापडले म्हणून त्यांना पुन्हा आत आणायचं, असा माझा बेत होता. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. जाईन तिथं मी लोकांच्या चुका काढणारी बाई, आणि आता एका माणसाच्या चुका पदराखाली झाकत होते. त्यात मला मायाच दिसत होती.

त्या शनिवारी नंबर वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, "किती जुळलं?" मॅडमनी आकडा सांगितला. सरांनी खिशातली छोटी डायरी काढून तो लिहून घेतला. डायरी मिटताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, बाई, तू केलंस ते लाखात एक केलंस.

मग हे दर शुक्रवारचंच झालं. दर शनिवारी सर खुर्चीत टेकायच्या आधीच विचारायला लागले, "मोजा जल्दी, किती जुळलं ते सांगा." मी मनातल्या मनात हसायचे. म्हटलं, म्हाताऱ्याला मार्कांची हौस आहे. मॅडम खूश होत्या, पुणेकर खूश होते. आमची भांडणं तेवढी संपली. परतीच्या गाडीत सर जास्त झोपायला लागले आणि मोसंबी मी सोलायला लागले.

त्यांना काही आजार असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या लेखी ते वय होतं. पुढच्या खोलीत दाया रोज एका सुरात धोक्याची लक्षणं म्हणायच्या, पायावर सूज, डोळ्यांपुढं अंधारी, आणि शेवटी सगळ्या मिळून, "लपवायचं न्हाई, लगेच दवाखान्यात न्यायचं." भिंतीवरचा त्या लक्षणांचा तक्ता माझ्याच अक्षरात होता.

उन्हाळ्यात एक दिवस मला ताप होता म्हणून मी गेले नाही. सर एकटेच गाडीत बसले आणि बदनापूरला उतरलेच नाहीत. दुपारी ते औरंगाबादच्या फलाटावर एका बाकावर सापडले, मांडीवर डबा घेऊन बसलेले. कुठं जायचंय ते त्यांना सांगता येत नव्हतं. डायरीत घरचा फोन नंबर होता म्हणून काकूंना कळलं. तिथल्याच दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूत पुढच्या बाजूला गाठ होती, सावकाश वाढत आलेली. मी पोहोचल्यावर डॉक्टरांनी काकूंना आणि मला एकदमच सांगितलं, पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर ही गाठ काढून माणूस घरी गेला असता. आता ऑपरेशन करू, पण भरवसा देता येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "आज शनिवार हाय का?"

"नाही सर, मंगळवार."

"मंग कामाचं बोलू नको," ते म्हणाले आणि डोळे मिटले. ते माझ्याशी शेवटचं बोलले. ऑपरेशननंतर ते नीट शुद्धीवर आलेच नाहीत, आणि दहाव्या दिवशी गेले.

तेरावा झाल्यावर मी मॅडमच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. खण उघडल्यापासून वहीतल्या नंबरांपर्यंत, काही राखून ठेवलं नाही. मॅडमनी वही मागून घेऊन चाळली. मग म्हणाल्या, "कामावरून तुला काढायला पाहिजे." मी म्हणाले, काढा. "काढणार नाही," त्या म्हणाल्या, "कारण मग हे निस्तरणार कोण?" त्यांनी पुण्याला कळवलं. त्या पाच-सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या आम्ही दोघींनी पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. मॅडम सरांच्या टेबलाशी माझ्याकडे पाठ करून बसायच्या आणि शुक्रवारी यादी पर्समध्ये घालून घरी न्यायच्या. त्यात मला शिक्षाही होती, तरी चिठ्ठ्या संपत आल्या तसं मला हलकं वाटायला लागलं. चूक केली, कबूल केली, निस्तरली, असं मी स्वतःला सांगत होते. सर तर आजारानं गेले होते, त्याला कोण काय करणार?

मग एक दिवस काकूंनी बोलावलं. गेले तर त्यांनी चहा ठेवला, आणि सरांची ती छोटी डायरी माझ्या हातात दिली.

"हे तुमच्या कामाचं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत न्हाई. तुला लागलं तर ठेव."

मी उघडली. प्रत्येक शनिवारची एक ओळ होती. दिवाळीनंतरच्या ओळींत आकडे उतरत गेलेले. ऐंशीपैकी सत्तर, ऐंशीपैकी चौसष्ट. एका ओळीपुढं लिहिलं होतं, 'नावं आठवत नाहीत. मळ्याची वाट चुकलो.' तिच्या खालच्या शनिवारी, 'ऐंशीपैकी अठ्ठावन्न. डोकं दाखवायलाच हवं. औरंगाबाद, येता सोडून पुढचा गुरुवार.' तो गुरुवार ज्या आठवड्यातला होता, त्याच्या आदल्या शुक्रवारी मी पहिल्यांदा खण उघडला होता. पुढच्या ओळीत सरांनी लिहिलं होतं, 'ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर. ठीक आहे. गुरुवारचं रद्द.'

त्यानंतर दर शनिवारी, 'शहात्तर. ठीक.' 'पंच्याहत्तर. ठीक.' अक्षर वाकडं होत गेलेलं, ओळ खाली घसरत गेलेली, आणि पुढं 'ठीक'.

"मी लई मागं लागले होते गं त्यांच्या," काकू म्हणत होत्या. "एकदा तर डॉक्टरचा नंबर लावून आल्ते. म्हणलं, तुम्हाला कालचं आज आठवत न्हाई, चला दाखवून येऊ. तर मला म्हणले, डोकं बिघडलं असतं तर तिची न् माझी यादी कशी जुळली असती? म्हणले, ती पोरगी लई कडक हाय, माझा बिलकुल मुलाहिजा ठेवायची न्हाई. ती बराबर म्हणतीय तंवर मला काही झालेलं न्हाई. मंग मीच गप बसले. म्हणलं, एवढी शिकलेली पोरगी, तिला कळलं नसतं का?"

चहा उतू गेल्याचा वास आला. काकू उठून गॅस बंद करून आल्या. मी तशीच डायरी धरून बसले होते.

काकू माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "खरंच जुळत होतं का गं तुमचं?"

सरांनी मला कशासाठी घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. समोरच्याचं चुकलं तर तोंडावर सांगायला. साहेबाला सांगितलं होतं, मॅडमना सांगितलं होतं, सरांना तर आठवड्याला दहादा. आणि आता काकूंना सांगायचं होतं, की त्यांनी गप्प बसायला नको होतं, कारण ज्या पोरीच्या भरवशावर त्या गप्प बसल्या ती खोटं लिहीत होती. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"हो काकू," मी म्हणाले. "बराबर जुळत होतं."

"मंग काय करणार," त्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मंग कुणाचीच चूक न्हाई म्हणायची."

मळ्यातली मोसंबी टोपलीत होती. काकूंनी त्यातली एक सोलली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.